माझ्या गरिबीची उधारी

नवा साबण हवा असेल तर जुना नेऊन दाखवावा लागे. नव्या मुलींना वळण लावणाऱ्या मिस्ट्रेस सिस्टर तो तुकडा खिडकीपाशी उजेडात धरायच्या. त्यातून बोटांची सावली दिसली तर नवी वडी मिळायची. नाही दिसली तर "अजून चार दिवस जाईल" म्हणून तुकडा परत हातात. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. १९७४ सालच्या जूनमध्ये वसईचं घर सोडून धर्मभगिनींच्या मंडळात दाखल झाले होते. देवासाठी सर्वस्व सोडायला निघालेल्या मुलीला अंगाच्या साबणासाठी रांगेत उभं राहावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

डोक्यात असिसीचा फ्रान्सिस होता. कापडाच्या बड्या व्यापाऱ्याचा मुलगा, बिशपांसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली करणारा. आमचं मंडळ त्याच्याच परंपरेतलं. शिवाय वसईच्या मुलीला घरचाच एक फ्रान्सिसकन असतो, संत गोन्सालो गार्सिया. व्यापारात चांगला जम बसलेला असताना तो सोडून मनिलात साधा ब्रदर झालेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेलेला. अशा कथा ऐकत मोठं झालं की दारिद्र्यव्रत म्हणजे एकदाच, झोकात करून टाकायची गोष्ट वाटते. साबण मात्र रोज लागतो.

आमच्या घरी तशी गरिबी नव्हती. केळीची बाग होती, मोगरा होता, विहिरीला बारमाही पाणी होतं. पहाटे फुलांच्या टोपल्या गाडीने दादरला जायच्या. घरातून निघताना आजीच्या दोन सोन्याच्या बांगड्या मी आईच्या हातात ठेवल्या. त्याचं मला काहीच वाटलं नाही, उलट जरा अभिमानच वाटला. पण चपलेचा अंगठा तुटला म्हणून आठ आणे मागायला सुपीरियरच्या दारावर टकटक करताना कानशिलं तापायची. बांगड्या देताना मी देणारी होते. इथे मागणारी झाले. हा फरक कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावरही तो पचला असं नाही.

प्रत्येकीकडे एक छोटी वही असे. महिनाअखेरीस तिच्यात स्वतःच्या खर्चाचा हिशेब लिहून द्यायचा. माझी १९७८ची वही अजून माझ्याकडे आहे. खरं तर असायला नको, पण राहून गेली. पोस्टकार्डं, केसांच्या पिना, चपलेचा अंगठा, एसटीचं तिकीट. एका महिन्यात फक्त एकच नोंद आहे, 'लिंबू'. कशासाठी घेतलं होतं ते आठवत नाही. परवानगी घेतली होती एवढं नक्की, कारण पुढे सुपीरियरची बारीक सही आहे.

बाहेर असा समज असतो की व्रत घेतलं की सिस्टरच्या नावावर काहीच उरत नाही. तसं नाही. चर्चचा कायदा, ज्याला आम्ही कॅनन लॉ म्हणतो, तो याबाबतीत बऱ्यापैकी व्यवहारी आहे. आमच्यासारख्या मंडळांत पहिल्या व्रतांपूर्वी स्वतःच्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवायची. आजीवन व्रतांपूर्वी मृत्युपत्र करायचं, आणि तेही देशाच्या कायद्यात टिकेल असं. त्यानंतर कष्टाने जे मिळवाल, पगार, पेन्शन, बक्षीस, ते मंडळाचं. पण वडिलोपार्जित मिळेल त्याची मालकी नावावर राहू शकते. फक्त परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही. मी आजीवन व्रतं घेतली १९८३च्या डिसेंबरात. चर्चची नवी विधिसंहिता लागू होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्युपत्र लिहायला बसले आणि लिहिण्यासारखं काही सुचेना. शेवटी आहे-नाही ते मंडळाला, असं एक वाक्य लिहून मोकळी झाले. ते वाक्य पुढे मला महागात पडणार होतं. त्याकडे येतेच.

१९८४ला माझी बदली नगर जिल्ह्यात झाली, मंडळाच्या अनुदानित शाळेत. वसईच्या हिरवळीतून आलेल्या माणसाला ती जमीन पहिल्यांदा पाहिली की घसा कोरडा पडतो. पगाराच्या दिवशी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर पगारपत्रक असायचं. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायची, नोटा मोजायच्या आणि त्याच पाकिटातून तशाच सुपीरियरकडे द्यायच्या. पुढे पगार बँकेत जमा होऊ लागला, तेव्हा सही चेकवर, एवढाच फरक. माझ्या शेजारच्या बाई, दोन मुलांची आई, दर महिन्याला माझ्याकडे बघून हसायच्या. एकदा म्हणाल्या, "सिस्टर, मीही सगळा देते. फक्त मी नवऱ्याला देते, आणि त्याला कुणी व्रत म्हणत नाही."

दुष्काळी वर्ष होतं. पाझर तलावाच्या कामावर रोजगार हमीच्या बाया खडी फोडत होत्या. त्यांच्या पोरांसाठी आम्ही झाडाखाली बालवाडीसारखं काहीतरी चालवायचो. दुपारच्या सुट्टीत त्यांच्यात बसून मी भाकरी खायची, आणि बोलता बोलता, काय उत्साह होता देव जाणे, त्यांना सांगून बसले की आम्हीही गरीबच, आमच्या नावावर काही नसतं. एक बाई कांदा फोडत होती. तिने मान वर केली.

"उद्याचं पीठ हाये का घरात?"

"आहे."

"मंग?"

एवढंच म्हणाली आणि अर्धा कांदा माझ्यापुढे सरकवला. तिचा आवाज चढला नव्हता. सरळ चौकशी होती, जशी आजारी माणसाची करतात. मराठीत उपास आणि उपासमार हे शब्द इतके शेजारी आहेत की एकाच घरातले वाटावेत. पण उपास करणाऱ्याला पारणं कधी आहे ते ठाऊक असतं. त्या रात्री चॅपेलमध्ये प्रार्थनेतली रोजची भाकर मागणारी ओळ आली तेव्हा माझी जीभ अडली. कोठीत ज्वारीची तीन पोती होती आणि किल्ली माझ्याकडे होती.

त्यानंतर 'आम्ही गरीब' हे शब्द मी तोंडातून काढलेले नाहीत. 'आमचं व्रत आहे' एवढंच म्हणते.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे घराची खजिनदारी आली. आमच्या आवारात मुलींचं वसतिगृह होतं. साठेक मुली, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या बऱ्याच. एका वर्षी वसतिगृहाचं अनुदान आलंच नाही. दिवाळी झाली, नाताळ झाला, जानेवारी संपला. आमच्यात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, देवावर पराकोटीचा भरवसा असलेल्या. त्यांनी मला चिठ्ठी लिहायला लावली: तांदूळ दोन पोती, तूरडाळ, तेलाचा डबा. ती संत जोसेफच्या पुतळ्याखाली ठेवायची. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. पवित्र कुटुंबाचं घर ज्याने चालवलं त्याच्याकडे घरखर्चाची मागणी. मी चिठ्ठी ठेवली. मनात विश्वास होता, पण संध्याकाळी साठ ताटं मांडायची होती हेही मनात होतं. म्हणून तीच यादी दुसऱ्या कागदावर उतरवून बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराकडे गेले.

त्याने यादी वाचली. मागची बाकी बघितली. मी म्हटलं, अनुदान आलं की पहिला पैसा तुमचा, देव आहे. तो म्हणाला, "देव तुमचा हाये सिस्टर, पण उधारीची वही माझी हाये." आणि पोराला हाक मारून पोती हातगाडीवर चढवायला सांगितली. सहा महिने तो माल देत राहिला. व्याज नाही, तगादा नाही. फक्त दर वेळी नवीन नोंद करताना वहीवरचा पेन्सिलचा तुकडा जिभेला लावायचा आणि उसासा सोडायचा.

अनुदान आलं, बाकी फिटली. पुढच्या वर्षी मंडळाच्या वार्षिक साधनेत, रीट्रीटमध्ये, त्या म्हाताऱ्या सिस्टरनी साक्ष दिली: संत जोसेफच्या पायाशी चिठ्ठी ठेवली आणि त्याच संध्याकाळी दारात हातगाडी उभी राहिली. सगळ्यांचे डोळे भरून आले. मीही तिथे बसले होते. गोष्ट खोटी नव्हती. फक्त तिच्यातून दुकानदार गळाला होता. त्याची सहा महिन्यांची अडकलेली रक्कम, मालासाठी त्याने बाजार समितीतल्या अडत्याला तोंड दिलं असेल ते, त्याच्या बायकोने कदाचित ऐकवलं असेल ते, सगळं गाळून आम्ही चमत्कार स्वच्छ करून घेतला होता. मी उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्या वयाने मोठ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही ती गोष्ट तशीच ऐकायला आवडत होती.

देव पुरवतो हे मी नाकारत नाही. पन्नास वर्षं त्याच भरवशावर काढली आहेत. पण तो पुरवतो तेव्हा बहुतेक वेळा कुणाच्या तरी वहीत आमच्या नावावर बाकी निघते. ती कुणाच्या, हे बघायची सवय खजिनदारीने मला लावली. ध्यानसाधनेने नाही.

याच्या काही वर्षं आधीची एक गोष्ट आहे. ती मी फार काळ कुणाला सांगितली नव्हती.

१९९१ला वडील गेले. मृत्युपत्र नव्हतं. तोवर वसई बदलली होती. जमिनीचे भाव असे चढले होते की बापजाद्यांनी ज्या गुंठ्यात केळी लावली तो गुंठा आता लोक कागदावर बघत होते. हरित वसईच्या चळवळीचे ते दिवस. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी माती-पाण्यासाठी रस्त्यावर उतरले होते आणि घराघरांत त्याच मातीच्या वाटण्या चालल्या होत्या. आम्ही चार भावंडं, दोन भाऊ, दोघी बहिणी. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. सातबाऱ्यावर चौघांचीही नावं चढली, आणि अर्थात हक्कसोडपत्राचा विषय निघाला.

भाऊ मंडळाच्या घरी आले, सोबत आंब्याची पेटी. आईसकट घरात सगळे मला 'सिस्टर' म्हणतात. धाकटी बहीण एकटी 'ताई' म्हणते. भावांची अडचण उघड होती. माझा हिस्सा माझ्या मृत्युपत्राप्रमाणे उद्या मंडळाकडे गेला तर? अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलेलं ते एक वाक्य. मला हसूच आलं. मी म्हटलं, मला काय करायची आहे जमीन. मंडळाची परवानगी मागितली, ती मिळाली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर तासभर बसले, सही केली, अंगठा दिला. बाहेर येऊन अंगठ्याची शाई पदराच्या टोकाला पुसली आणि खूप हलकं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, फ्रान्सिससारखं काहीतरी केलं होतं. मोबदला म्हणून काही मागावं, घ्यावं, असं मनात आलंही नाही.

धाकटीने सही केली नव्हती.

तिचा नवरा कारखाना बंद पडून घरी बसला होता. मुलं शाळेत. ती दीड गुंठा तरी नावावर राहू द्या म्हणत होती, घर बांधण्यापुरता. ही बातमी मला सहा महिन्यांनी कळली, तीही परक्या तोंडून. सगळी आळी तिला एकच वाक्य ऐकवत होती: सिस्टरने केली सही, एका शब्दाने विचारलं नाही, तुलाच कसा हव्यास सुटला? मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, बारशाला, मयताला. आईसुद्धा. माझ्या दारिद्र्यव्रताची काठी झाली होती आणि ती तिच्या पाठीवर बसत होती.

मी तिच्याकडे गेले. तिने चहा टाकला, कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुला सोडायला सोपं होतं. तुझं म्हातारपण मंडळ बघणार. माझं कोण बघणार?" मी म्हटलं, देव बघेल. हे वाक्य तोंडातून निघालं त्या क्षणी मला ते परत गिळावंसं वाटलं. पण ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

मी दोन्ही भावांना पत्रं लिहिली. स्वतः जाऊन बोलले, आई समोर असताना बोलले, की तिचा हिस्सा तिचा आहे आणि माझी सही हे तिच्याविरुद्धचं कारण होऊ शकत नाही. नोंदणी झालेलं माझं हक्कसोडपत्र मात्र माघारी येणार नव्हतं. मी ते सोडताना एवढं तरी म्हणू शकले असते की माझा वाटा बहिणीला. सुचलंच नाही. सगळं सोडण्याच्या नादात ते कुणाच्या पदरात पडतंय हे मी पाहिलं नव्हतं. शेवटी तिला दीड गुंठा मिळाला, चार वर्षांच्या अबोल्यानंतर. तो माझ्या मध्यस्थीने मिळाला की ती अडून बसली म्हणून, याबद्दल मला फारसा भ्रम नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मभगिनी आणि धर्मगुरूंच्या पगारावर उगमातच आयकर कापला जाणार. इंग्रजी अमलातल्या १९४४च्या एका परिपत्रकाच्या आधारे जी सूट वर्षानुवर्षं मिळत होती, तिचा प्रश्न निकालात निघाला. आमच्या बाजूचा एक युक्तिवाद असा होता की व्रत घेतल्यावर चर्चच्या कायद्याप्रमाणे व्यक्तीचा जणू नागरी मृत्यू होतो, पगार तिचा नसतोच. न्यायालयाला तो पटला नाही. जेवणाच्या टेबलावर बरीच चर्चा झाली. काही जणी दुखावल्या होत्या. मला १९९१चा तो बाक आठवत होता. मेलेल्या माणसाचा अंगठा कुणी शाईत बुडवत नाही.

या चर्चेत कुणीतरी संत क्लाराचं नाव काढलं. क्लारा मोठी हट्टी बाई. मठाला जमीन-जुमला घ्या, उत्पन्न असू द्या, असं खुद्द पोप सांगत असताना आम्हाला काहीही नसण्याचा हक्क द्या म्हणून ती आयुष्यभर भांडली. तिच्या नियमावलीला पोपची मान्यता मिळाली ९ ऑगस्ट १२५३ रोजी, आणि ११ तारखेला ती गेली. तिचं नाव घेताना आम्ही एक गोष्ट सोयीने विसरतो. तिने स्वतःपुरतं मागितलं नव्हतं, अख्ख्या मठाचं दारिद्र्य मागितलं होतं. आमच्यात व्यक्ती निर्धन आणि मंडळ मात्र एकरांत. माझ्या नावावर रुपया नाही, पण माझ्या डोक्यावरचं छप्पर कुठल्याही पावसाळ्यात गळलेलं नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये नुसत्या व्यक्तींचं नाही, संस्थांचंही दारिद्र्य दिसलं पाहिजे असं लिहून ठेवलं आहे. मंडळाच्या सभेत हा मुद्दा मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं आलं.

मला दोष देण्याचा अधिकार आहे असंही नाही. दोन वर्षांपूर्वी माझे दोन्ही गुडघे बदलले. चांगलं हॉस्पिटल, चांगले डॉक्टर, बिल मंडळाने भरलं. शुद्धीवर आल्यावर पहिली आठवण खडी फोडणाऱ्या बायांची आली. दिवसभर उकिडवं बसणाऱ्या. त्यांचे गुडघे कुणी बदलले असतील? आणि तरी महिनाभर न्हाणीघरात मला दुसरीच्या हातून आंघोळ घालून घ्यावी लागली, साबणही तिच्याच हातात, तेव्हा वाटलं की व्रताचा खरा अभ्यासक्रम आत्ता कुठे सुरू झाला. हात पुढे करायला मला आजही जमत नाही. द्यायची सवय फार मुरलेली आहे. तिच्यात थोडी मालकी असतेच.

घेणं शिकवायचा प्रयत्न एका म्हातारीने केला होता, हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत. सप्टेंबरातला चिखल, कोसकोस चालत आलेली माणसं, मी पाण्याच्या टाकीपाशी उभी. म्हातारीने कनवटीची दहाची नोट काढून माझ्या मुठीत कोंबली, "च्या घ्या सिस्टर." मी नको नको म्हणत नोट परत करू लागले. ती जी भडकली! "घ्या की! म्या काय गरीब हाये व्हय?" मी घेतली. त्या नोटेचा चहाच प्यायले, शेजारच्या टपरीवर, परवानगी न घेता. वहीत लिहायचं राहून गेलं.

आता वसईत, मंडळाच्या निवृत्त सिस्टरांच्या घरात राहते. धाकटी रविवारी येते. नवरा गेला, मुलगा नोकरीला लागला. दीड गुंठ्यात घर झालं आणि घरामागे केळीची सहा-सात खुंटं. तेवढ्यावर ती कुणालाही हेवा वाटावा अशी केळी काढते, आणि उन्हाळ्यात थोडी सुकेळीही करते. नियमाप्रमाणे भेट म्हणून आलेलं सगळं सामायिक टेबलावर जातं. पहिल्यांदा तिने पिशवी दिली तेव्हा मी ती उचलून सरळ स्वयंपाकघराकडे निघाले. तिने पिशवी ओढून घेतली.

"हे मंडळाचं नाही, ताई. तुझं आहे. इथेच खायचं, माझ्यासमोर."

तेव्हापासून तसंच चालतं. बाकावर बसून एक केळं तिच्या देखत खायचं. ती साल हातातून काढून घेते, कारण आमच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत चालणं मला अजून जड जातं. उरलेली फणी मग टेबलावर जाते.